विमा दाव्यातील मूल्यांकनाचा वाद (ग्रामीण विदर्भ)

मोटार किंवा घराचे नुकसान कंपनीला मान्य असते, पण रकमेवर एकमत होत नाही, तेव्हा हा वाद उभा राहतो. पीक विम्याची भरपाई सहसा महसूल मंडळाच्या उत्पादनावरून ठरते. मोटार-घराच्या दाव्यात सर्वेक्षक (नुकसान मोजणारा तज्ज्ञ) एकेका वस्तूची किंमत लावतो. म्हणून पीक विम्याचा अनुभव इथे फारसा कामी येत नाही.

रात्री रोही (नीलगाय) आडवा येऊन गाडी ठोकली, तर काचेवर घसारा (जुनेपणामुळे होणारी किमतीतली कपात) नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र ५० टक्के. आठ हजारांच्या बंपरचे चारच हजार धरले जातात. शून्य घसाऱ्याचे वाढीव संरक्षण नसेल तर यावर भांडण्यात अर्थ नाही, ते पॉलिसीतच असते. खरा वाद पत्रा ठोकून सरळ करायचा की भाग बदलायचा, यावर होतो. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या (आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांपुढे गेला, तर गाडी पूर्ण बाद धरतात.

घराचे प्रकरण जास्त किचकट. १ एप्रिल २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा आणि खचणे वगळलेले आहे. काळी माती उन्हाळ्यात तडकते, पावसाळ्यात फुगते, भिंती चिरतात. वैनगंगेच्या पुरानंतर भिंतीतली चीर पुराची की आधीची, हे कोण सांगणार? पावसाआधी काढलेले फोटो इथे वकिलापेक्षा उपयोगी. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, कंपनीवर बंधनकारक नसतो. तरी पाणी कुठवर चढले याचा तो चांगला पुरावा. सोबत ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या कर आकारणीचा उतारा) आणि मिस्त्रीचे बाबवार अंदाजपत्रक जोडावे.

आधी सर्वेक्षण अहवालाची प्रत मागून कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी): विदर्भासाठी कार्यालय पुण्यात, शुल्क नाही, भरपाईची मर्यादा ५० लाख. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. तिथे तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षे आणि आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते. सर्वेक्षकाचा अहवाल म्हणजे अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आहे. पैसे देताना कंपनी घेते त्या 'पूर्ण व अंतिम' पावतीवर सही झाली म्हणून दारे बंद होत नाहीत, हा १९९९ चा निकाल. मात्र ती सही फसवणुकीने किंवा दबावाखाली घेतली, हे ग्राहकाला सिद्ध करावे लागते. पैशांची नड असेल तर रक्कम घ्यावी, पण हरकत त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी.