ग्रामीण पर्यटनस्थळांवरील वाहतूक व वाहनतळ व्यवस्था (सोलापूर जिल्हा)

खेड्याजवळची तीर्थक्षेत्रे, नदीसंगम, जलाशयाचा काठ, अभयारण्य किंवा हुरड्याची शेते अशा ठिकाणी ठरावीक दिवसांत येणाऱ्या वाहनांना जाण्याचा रस्ता, थांबण्याची जागा आणि परतीची वाट नेमून देण्याची व्यवस्था. शहरातला वाहनतळाचा प्रश्न रोजचा असतो, खेड्यातला तिथीचा आणि हंगामाचा. एरवी एसटी, दुचाक्या आणि ट्रॅक्टर यांच्यापुरता असलेला रस्ता त्या दिवशी गाड्यांनी भरून जातो. त्यासाठी कायमचे मोठे वाहनतळ बांधणे ग्रामपंचायतीला परवडत नाही आणि त्याची गरजही नसते.

जमीन आणि हंगाम. सोलापूरच्या काळ्या जमिनीत हा प्रश्न वेगळाच अडतो. कोरडवाहू भागात रब्बी ज्वारीसाठी राखलेली राने पावसाळ्यात मोकळी असतात. पण तेव्हाच काळी माती फुगते, चाके रुततात आणि गाडी काढायला ट्रॅक्टर आणावा लागतो. हिवाळ्यात जमीन घट्ट होते, तर रानात ज्वारी उभी असते. म्हणजे जागा मोकळी तेव्हा चिखल आणि जमीन पक्की तेव्हा पीक. यावर मुरमाड माळ किंवा मुरूम टाकून दाबलेली पड जमीन हाच खरा उपाय आहे. नांगरटीचे रान वाहनतळासाठी घेतले, तर चाकांनी दबलेल्या मातीत पुढे पाणी नीट मुरत नाही. म्हणून शेतकऱ्याशी मोबदला ठरवताना दिवसाच्या भाड्याबरोबर नंतरच्या नांगरटीचा खर्चही धरायला हवा.

पंढरपूरची रीत. जिल्ह्यातला सर्वांत मोठा अनुभव आषाढी वारीचा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ जिल्ह्यात येते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव असे मुक्काम करत वाखरीला पोचते. तुकाराम महाराजांची पालखीही अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली मार्गे तिथेच येते. या काळात पालखीमार्गावरची इतर वाहतूक वळवली जाते. दिंडीच्या गाड्यांचे गणित मात्र उलटे: सामानाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर पालखीच्या आधी मुक्कामी पोचला पाहिजे, नाहीतर तंबू आणि स्वयंपाक दोन्ही अडतात. त्यामुळे सरसकट बंदी चालत नाही. दिंडीच्या वाहनांना ओळखपत्र आणि पुढे जाण्याची वेगळी वाट द्यावी लागते.

पंढरपुरात गावाबाहेरच गाडी थांबवून पुढे चालायचे, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. एसटी महामंडळ यात्रेसाठी चंद्रभागा, भीमा, विठ्ठल कारखाना आणि पांडुरंग अशी तात्पुरती बसस्थानके उभारते आणि कोणत्या भागातली गाडी कुठून सुटणार ते आधीच ठरवते. चंद्रभागेपलीकडील ६५ एकर क्षेत्रात दिंड्यांच्या राहुट्या पडतात, म्हणून मुक्कामाचा भार गावावरून कमी होतो. खरी कसोटी परतीची असते. भाविक येतात ते काही दिवसांत विखरून, पण एकादशी-द्वादशीनंतर मोठा लोंढा एकदमच निघतो. आत यायची आणि बाहेर पडायची वाट एकच ठेवलेला वाहनतळ अशा वेळी कोंडतोच. तो आखताना बाहेर पडण्याची सोय आधी पाहावी लागते.

माळरान. १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यातले नान्नज हे सोलापूरहून बार्शीच्या रस्त्यावर आहे. इथे गाडी लावायला जागा हवी तेवढी दिसते आणि धोका नेमका तिथेच आहे. माळढोक हा मोठा पक्षी जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालतो. टिटवी, चंडोल यांची घरटीही गवतात किंवा उघड्या खडकाळ जमिनीवर असतात. फोटोसाठी रस्ता सोडून चार चाके गवतात घातली, तर काय चिरडले हे गाडीतल्या माणसाला कळतही नाही. त्यामुळे ठरलेल्या जागी गाडी लावून पायी जाणे, ही अट इथे सक्तीचीच असावी.

इतर ठिकाणे. भीमा-सीना संगमावरचे हत्तरसंग कुडल शके ९४० (इ.स. १०१८) च्या मराठी शिलालेखासाठी प्रसिद्ध आहे; इथे महाशिवरात्रीला गर्दी होते. अशा प्राचीन मंदिरांपाशी वाहने आवाराच्या बरीच अलीकडे थांबवणे इष्ट. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला लोक येतात. पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन वरून कोरडी दिसली तरी आत ओली असते, तिथे गाडी नेऊ नये.

अधिकार. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहनतळाच्या जागा ठरवता येतात आणि कलम ११५ नुसार वाहतुकीवर निर्बंध घालता येतात. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये यात्रा कराची तरतूद आहे.

हुरडा आणि ऊस. हुरड्याचे दिवस आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी येतात. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मागे घेणे फार अवघड. अरुंद रस्त्यावर साईडपट्टीला लावलेली एक कार त्याला अडवायला पुरते. हुरडा केंद्राच्या मालकाने गाड्या बांधाच्या आत घ्याव्यात, फाट्यावर रात्री दिसेल असा फलक लावावा आणि पाहुण्यांना निघताना मागच्या बाजूला परावर्तक (रिफ्लेक्टर) नसलेल्या ट्रॉल्यांची आठवण करून द्यावी.