उहादी ते चेलो: दक्षिण आफ्रिकेतल्या एका मिलाफाची पार्श्वभूमी

चेलो या गजाने वाजवायच्या मोठ्या पाश्चात्य तंतुवाद्यावर आफ्रिकी संगीत वाजू लागलं की ऐकणाऱ्याचं लक्ष आधी तालाकडे जातं. दक्षिण आफ्रिकेपुरतं बोलायचं तर खरी मेख स्वरात आहे, आणि ती चेलो तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीची आहे.

ईस्टर्न केप प्रांतातल्या खोसा लोकांचं उहादी हे वाद्य म्हणजे धनुष्यासारखी वाकवलेली काठी, तिला ताणलेली एकच तार आणि काठीच्या खालच्या टोकाकडे बांधलेला पोकळ भोपळा. बारीक काडीने तारेवर हलके आघात करायचे. तार मोकळी सोडली की एक मूळ स्वर, डाव्या हाताच्या चिमटीत धरली की त्याच्या एक पूर्ण स्वर वरचा दुसरा. मूळ स्वर एवढे दोनच. भोपळ्याचं उघडं तोंड वादक आपल्या छातीशी धरते (ही परंपरा मुख्यतः बायकांची). ते छातीला टेकवलं, जरा दूर नेलं, की त्याच तारेतले वेगवेगळे उपस्वर (मूळ स्वरासोबत आपोआप निघणारे वरचे सूक्ष्म स्वर) पुढे येतात आणि गाण्याची चाल त्या उपस्वरांतून उभी राहते. उम्रुबे हे याचं धाकटं भावंड. त्याची तार काडीने घासतात आणि भोपळ्याचं काम वादकाच्या तोंडाची पोकळी करते.

तंबोऱ्याच्या खरजातून स्वयंभू गंधार ऐकलेल्याला यामागचं तत्त्व वेगळं समजवायला नको. मोकळ्या तारेला सा मानलं तर तिच्यातून सा, प आणि ग निघतात, चिमटीत धरलेल्या त्याच तारेतून रे, ध आणि तीव्र मध्यम. एकत्र मांडले की सा रे ग म(तीव्र) प ध, निषाद नाही. भूपात तीव्र मध्यम शिरल्यासारखं आपल्याला वाटतं, पण तो कान बाजूला ठेवावा लागतो. इथे सा हा एकटा आधार नसतो. सा आणि रे आळीपाळीने आधार होतात, आणि चाल या आधारावरून त्या आधारावर सतत झुलत राहते. (अशी धनुष्याकृती वाद्यं अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली. गुजरातेतल्या सिद्दी समाजाचं मलुंगा हे त्यांपैकीच.)

लेडी फ्रेअर गावाजवळच्या न्गोको या खेड्यात उहादीची थोर वादक नोफिनिशी द्यविली आणि तिच्या सोबतच्या बायकांचं हे संगीत संगीत-अभ्यासक डेव्हिड डार्गी यांनी १९८० पासून ध्वनिमुद्रित केलं, त्याची रचना लिहून काढली. तिथल्या काही बायका उम्नगोकोलो गात. त्यात घशातून खर्जाची घरघर धरून ठेवायची आणि तोंडाचा आकार बदलत वरचे उपस्वर वेगळे काढायचे. एका गळ्यातून एकाच वेळी दोन ओळी ऐकू येतात. पुढे चेलोच्या गोष्टीत हा गळा फार महत्त्वाचा ठरला.

मिशनऱ्यांमार्फत युरोपीय संगीत या भागात आलं ते प्रार्थनागीतांतून, आणि टॉनिक सोल्फा या अक्षरी स्वरलिपीतून. या लिपीला वाद्य लागत नाही, म्हणून वृंदगायन गावोगाव रुजलं. चेलो मात्र महाग, त्याला शिक्षक हवा, सरावाला खोली हवी, पाच ओळींची स्वरलिपी यायला हवी. वर्णभेदाच्या राजवटीत, विशेषतः १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर, कृष्णवर्णीय मुलांना यातलं काहीच सहज मिळणार नव्हतं. मायकेल मासोटे यांच्यासारख्या शिक्षकांनी जोहान्सबर्गजवळच्या सोवेतो या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीत मुलांना तंतुवाद्यं शिकवली, त्यांचा वाद्यवृंद उभा केला, ते या परिस्थितीत. या कामाला इतिहासात मिळते त्यापेक्षा कितीतरी मोठी जागा मिळायला हवी. सोवेतो स्ट्रिंग क्वार्टेट १९९४ मध्ये मंडेलांच्या शपथविधीला वाजलं. १९९७ मध्ये सोवेतोतल्या डीपक्लूफमध्ये बसकेड ही संगीतशाळा सुरू झाली आणि तिथली मुलं बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय) रचना व क्वेला हे दक्षिण आफ्रिकी लोकप्रिय संगीत एकाच कार्यक्रमात वाजवू लागली.

संगीतकारांच्या बाजूने दुसरा ओघ आला. पीटरमारित्झबर्गला जन्मलेले केविन व्होलान्स यांनी १९८२ मध्ये 'व्हाइट मॅन स्लीप्स' लिहिलं ते दोन हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य), व्हिओला दा गांबा (चेलोसारखं जुनं तंतुवाद्य) आणि तालवाद्य यांच्यासाठी. हार्प्सिकॉर्ड मुद्दाम आफ्रिकी स्वरांतरांवर लावलेले होते. काही वर्षांनी क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी तंतुवाद्य-चौकडीसाठी त्याचं रूपांतर झालं आणि ते जगभर गाजलं. पण चौकडीची वाद्यं नेहमीच्या पद्धतीने लागली, आणि मूळ रचनेचा जीव असलेली ती स्वरांतरं बरीचशी निसटली. या रूपांतराचं कौतुक करताना हे नुकसान विसरता येत नाही.

दोन्ही ओघ एकत्र आले ते चेलोवादक अबेल सेलाओक्वे यांच्यात. जन्म १९९२, जोहान्सबर्गच्या दक्षिणेकडचं सेबोकेंग. सोवेतोत शिक्षण, नंतर मँचेस्टरचं रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिक. २०२१ मध्ये लंडनचा बीबीसी प्रॉम्स संगीतमहोत्सव, २०२२ मध्ये पहिला अल्बम, ज्यात बाखच्या सारबांद (संथ नृत्यरचना) आणि स्वतःच्या रचना शेजारी शेजारी आहेत. उम्नगोकोलोच्या धर्तीचा खर्ज गळ्यात धरून ते चेलो वाजवतात. पश्चिम आफ्रिकेत फ्रेंच चेलोवादक व्हँसाँ सेगाल आणि मालीचे कोरावादक बालाके सिस्सोको यांनी २००९ मध्ये चेलो व हार्पसारखा २१ तारांचा कोरा एकत्र आणला. त्याची वाट वेगळी: तिथे चेलो बऱ्याचदा बोटांनी छेडला जातो आणि कोराच्या लावणीला शरण जातो.

उहादीची चाल चेलोवर प्रत्यक्ष कशी बसते? चेलोची पाठ वादकाच्या छातीला टेकलेली असते, पण तिला भोपळ्यासारखं उघडझाप करता येत नाही. उपस्वर निवडण्याचं काम डावा हात आणि गज यांच्यावर येतं. तारेची वाजती लांबी सुमारे ६९ सेंमी. मोकळी सी तार हा पहिला आधार. मानेच्या टोकाशी तार जिथे टेकते त्या वरच्या पट्टीपासून १३.८ सेंमीवर बोट नुसतं टेकवलं तर गंधार, ११.५ सेंमीवर पंचम. दुसऱ्या आधारासाठी पहिलं बोट ७.७ सेंमीवर घट्ट दाबायचं, म्हणजे डी, आपला रिषभ, मिळतो. मग करंगळी नेहमीच्या ठिकाणी हलकी टेकवली की त्याचा पंचम, म्हणजे आपला धैवत. पंजा ताणून ती पहिल्या बोटापासून सुमारे १२.३ सेंमीपर्यंत नेली की तीव्र मध्यम. हे सगळे स्वर मूळ स्वराच्या दोन सप्तकं वरचे.

बिघडतं ते ठरावीक जागी. करंगळीवर किंचित जास्त दाब आला की उपस्वर मरतो आणि जाडा स्वर निघतो. पहिलं बोट सैल पडलं तर नुसती शीळ. सी तार जाड असल्यामुळे उशिरा बोलते, म्हणून गज घोडीच्या जवळ, हलका आणि जरा वेगाने ओढायचा. शास्त्रीय शिक्षणातून अंगात भिनलेला स्वरकंप इथे सोडावा लागतो, कारण बोट हललं की नेमकी जागा सुटते. पियानो सोबतीला घेतला तर हा स्वयंभू गंधार त्याच्या गंधारापेक्षा १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली येतो, दोन्ही एकत्र कर्कश लागतात. बोटाने तो वर ढकलायचा प्रयत्न करू नये. साथ बदलावी.

लाकडावर ताल धरायचा तर जागा पाहून. बाजूच्या पट्ट्या जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या असतात, त्यांना तडा जातो. मानेच्या मुळाशी आत लाकडी ठोकळा असतो. तिथे, अंगठी काढून, बोटांच्या मऊ भागाने मारावं.

गाताना गळ्यातला खर्ज आणि तारेचा मूळ स्वर तंतोतंत जुळले नाहीत तर दोघांमध्ये लहरी उठतात आणि वरचे उपस्वर झाकले जातात. गळा सी वर स्थिरावत नसेल तर सी तार उतरवू नये, ती सैल होऊन आणखी उशिरा बोलते. जी तार घ्यावी. तिच्यावर जी आणि ए हे दोन आधार मिळतात, आणि बोटांची मापं तीच राहतात.