फिगर स्केटिंगचे मार्क: गणित बदललं, जज पाठवणारे तेच राहिले

नाशिक जिल्ह्याचे नाव काढलेले खेळाडू आठवा. सावरपाड्याची कविता राऊत धावली, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ नाव वल्हवत थेट रिओ ऑलिम्पिकला गेला, आणि दोघांच्याही खेळात निकाल घड्याळ देतं, त्यावर भांडायला फारशी जागाच नसते. फिगर स्केटिंगचा निकाल माणसं देतात, तीही स्केटरच्याच देशांच्या फेडरेशननी पाठवलेली माणसं, आणि या खेळातले मार्कांवरचे बहुतेक वाद खणत गेलं की शेवटी तिथेच येऊन पोचतात. म्हणून ‘मार्क फुगलेत’ असं जे सगळे म्हणतात त्याच्या मागची गोष्ट जरा सविस्तर लिहितोय.

गोष्ट जुनी आहे. १९२७ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑस्लोला होती. जज पाच, त्यातले तीन नॉर्वेचे. तिघांनीही नॉर्वेच्या १४ वर्षांच्या सोन्या हेनीला पहिलं ठेवलं, ऑस्ट्रियाच्या आणि जर्मनीच्या जजनी ऑस्ट्रियाच्या हेर्मा साबोला. हेनी जिंकली. त्यानंतर एका देशाचा एकच जज असा नियम आला. पुढं सोव्हिएत जजांच्या तक्रारी इतक्या साठल्या की १९७८ च्या सीझनला आयएसयूनं, म्हणजे स्केटिंगच्या जागतिक संघटनेनं, सगळ्याच्या सगळ्या सोव्हिएत जजांना बाहेर बसवलं. थोडक्यात, आपल्या देशाच्या पोराला झुकतं माप द्यायचं हे काही टीव्ही आणि पैसा आल्यावर सुरू झालेलं नाही.

त्या काळात मार्क ६.० पैकी असायचे, तेच ते ‘परफेक्ट सिक्स’. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिम्पिकला टॉर्विल आणि डीन या ब्रिटिश जोडीला आर्टिस्टिक इम्प्रेशनमध्ये नऊच्या नऊ जजांनी ६.० दिले ते आजही लोक सांगतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या, त्या पद्धतीत ५.७ की ५.८ याला स्वतःची काही किंमत नव्हती, मार्क हे फक्त नंबर लावायचं साधन होतं, प्रत्येक जज स्केटरांना पहिला दुसरा तिसरा असं लावायचा आणि ज्याला जास्त जजांनी वर ठेवलं तो पुढं. त्यामुळे सुरुवातीला उतरणाऱ्याला कितीही छान खेळला तरी हात राखून मार्क मिळायचे, कारण नंतर येणाऱ्या मोठ्या नावांसाठी वर जागा ठेवावी लागायची. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सलग बघणाऱ्यांना ही कुरकुर ओळखीची वाटेल, पहिल्या दिवशीचं नाटक परीक्षकांच्या लक्षात राहिलं का वगैरे. आणि नऊ जणांत पाच जण ‘जुळले’ की निकाल हातात, हा त्या पद्धतीचा सगळ्यात मोठा दोष.

१९९८ च्या नागानो ऑलिम्पिकला कॅनडाच्या जज जीन सेन्फ्ट यांनी युक्रेनचे जज युरी बाल्कोव्ह यांचा फोन रेकॉर्ड केला, त्यात आइस डान्सचे (जोडीनं बर्फावर करायच्या नृत्याचे) नंबर आधीच ठरल्यासारखे बोलले जात होते. बाल्कोव्ह एक वर्षासाठी निलंबित झाले. (सेन्फ्ट यांनाही सहा महिन्यांचं निलंबन मिळालं, स्वतःच्या देशाला झुकतं माप दिलं म्हणून, हे सहसा कोणी सांगत नाही.) पुढच्याच वर्षी हेलसिंकीत रशियाचा आणि युक्रेनचा जज पेअर्सच्या (उचलणं, उड्या असलेल्या जोडी स्केटिंगच्या) वेळी एकमेकांना खाणाखुणा करताना टीव्ही कॅमेऱ्यात सापडले.

मग आलं २००२, सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिक. पेअर्समध्ये रशियाची बेरेझ्नाया-सिखारुलिद्झे जोडी आणि कॅनडाची साले-पेलेटिए जोडी. सिखारुलिद्झे एका लँडिंगला अडखळला, कॅनडाची जोडी स्वच्छ खेळली, तरी निकाल ५-४ नं रशियाकडे. रशिया, चीन, पोलंड, युक्रेन आणि फ्रान्स एका बाजूला, अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि जपान दुसऱ्या बाजूला. फ्रान्सच्या जज मारी-रेन ल गून्य यांच्यावर त्यांच्याच फेडरेशनचे अध्यक्ष दिदिए गाइआगे यांचा दबाव होता अशी गोष्ट बाहेर आली, दोघांना तीन वर्षांचं निलंबन झालं आणि कॅनडाच्या जोडीलाही दुसरं गोल्ड देण्यात आलं. रशियन जोडी वाईट खेळली होती असं मुळीच नाही, त्यांचं स्केटिंग सुंदरच होतं, पण तो पाचवा मार्क कुणाच्या सांगण्यावरून पडला असेल तर मग खेळ कसा झाला याला अर्थच उरत नाही.

आयएसयूचे तेव्हाचे अध्यक्ष ओत्ताव्हिओ चिन्क्वान्ता यांनी यावर दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे ६.० काढून टाकून नवी पद्धत आणली, २००४ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि २००६ ला टोरिनोत ती पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये दिसली. आता प्रत्येक जंपला, स्पिनला ठरलेली बेस व्हॅल्यू (मूळ मार्क), कुठली जंप झाली हे टेक्निकल पॅनल सांगणार, ती किती चांगली झाली याचे कमी-जास्त मार्क जज देणार, आणि शिवाय कम्पोनंट्स, म्हणजे एकूण स्केटिंग, सादरीकरण, कोरिओग्राफी वगैरेचे १० पैकी मार्क. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा मार्क काढून बाकीच्यांची सरासरी. ही पद्धत मला मनापासून चांगली वाटते, निदान मार्क कशाचे मिळाले ते तरी कळतं.

दुसरी गोष्ट मात्र वाईट होती. कुठल्या जजनं किती मार्क दिले हेच लपवलं. कारण असं दिलं की फेडरेशनला कळलंच नाही कोणी काय दिलं तर ते दबाव कसा आणणार. डार्टमथ कॉलेजचे अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी आकडे तपासले तर निघालं उलटंच, पॅनलवर आपल्या देशाचा जज असण्याचा फायदा कमी न होता उलट थोडा वाढलाच. म्हणजे फेडरेशनला कळत नव्हतं असं धरलं तरी प्रेक्षकांनाही कळत नव्हतं, आणि पकडणारा कोणी उरला नव्हता.

याची खरी किंमत २०१४ च्या सोची ऑलिम्पिकला महिलांच्या स्पर्धेत मोजावी लागली. रशियाची आदेलिना सोत्निकोवा २२४.५९ नं पहिली, कोरियाची युना किम २१९.११ नं दुसरी. फ्री स्केटचे (दोन फेऱ्यांतल्या दुसऱ्या, मोठ्या फेरीचे) कम्पोनंट्स बघा, सोत्निकोवाला ७४.४१ आणि किमला ७४.५०, म्हणजे जवळजवळ बरोबरीत. त्याच सीझनच्या ग्रां प्री या स्पर्धा मालिकेत सोत्निकोवाचे हेच मार्क बरेच कमी होते. खरं सांगायचं तर तिनं किमपेक्षा एक ट्रिपल जंप (हवेत तीन गिरक्यांची उडी) जास्त टाकली होती, टेक्निकलमध्ये पुढं असणं पटण्यासारखं आहे, पण काही महिन्यांत कोणाची स्केटिंगची गुणवत्ता एवढी उडी मारत नाही. पॅनलवर कोण होतं तर रशियन फेडरेशनचे मोठे अधिकारी व्हॅलेंटिन पिसेयेव्ह यांच्या पत्नी अल्ला शेखोव्त्सोवा, आणि तेच नागानोवाले बाल्कोव्ह! कोरियाची तक्रार फेटाळली गेली. कोणत्या जजनं किती दिले ते नावानिशी दाखवायची सोयच नव्हती, त्यामुळे संशय कधी सिद्धही झाला नाही आणि मिटलाही नाही, आणि सोत्निकोवाच्या मेडलवरही तो कायमचा चिकटला. मला दोघींबद्दल वाईट वाटतं.

२०१६ ला शेवटी नावं परत उघड झाली. दोनच वर्षांत त्याचा उपयोग दिसला, प्योंगचांग ऑलिम्पिकनंतर चीनच्या दोन जजांना स्वतःच्या देशाच्या स्केटरांना झुकतं माप दिलं म्हणून निलंबित केलं आणि बीजिंग ऑलिम्पिकलाही बसू दिलं नाही. नावं झाकलेली असती तर हे झालंच नसतं.

आता फुगवट्याचं बघू. पुरुषांचं ऑलिम्पिक गोल्ड किती मार्कांना गेलं: २००६ प्लुशेन्को २५८.३३, २०१० लायसाचेक २५७.६७, २०१४ हान्यू २८०.०९, २०१८ हान्यू ३१७.८५, २०२२ नेथन चेन ३३२.६०. नुसते आकडे बघून ‘सगळं फुगवलंय’ म्हणणं अन्यायाचं आहे, कारण लायसाचेकनं एकही क्वाड (चार गिरक्यांची उडी) न मारता गोल्ड घेतलं होतं आणि चेननं एकट्या फ्री स्केटमध्ये पाच मारल्या. हे कष्टाचे मार्क आहेत. २०१८ नंतर तर आयएसयूनं क्वाडच्या बेस व्हॅल्यू खाली आणल्या, लुट्झ नावाच्या जंपची क्वाड १३.६ वरून ११.५ वर आली, फ्री स्केटमधली एक जंपही कमी केली, तरी टोटल वर गेलीच. का, तर त्याच वेळी जजच्या हातातले मार्क -३ ते +३ ऐवजी -५ ते +५ झाले, एकेक पायरी बेस व्हॅल्यूच्या १० टक्के. म्हणजे एका क्वाडवर जजची मर्जी पूर्वीपेक्षा जास्त वजन टाकते, आणि मोठ्या नावाला +४, +५ सहज मिळतात तर अनोळखी स्केटरच्या तितक्याच चांगल्या जंपला +२ वर थांबतात.

कम्पोनंट्सचा घोळ याहून जुना. जो जंप जास्त मारतो त्याचे स्केटिंग स्किल्सही आपोआप वर जातात, जो शेवटच्या ग्रुपमध्ये उतरतो त्याचेही. पाच वेगवेगळ्या गोष्टींचे मार्क द्यायचे तर जज पाचही जवळपास सारखेच द्यायचे. २०२२ पासून पाचाचे तीन केले आणि स्केटर पडला तर किती वर जायचं यालाही आता मर्यादा आहे, तेवढं बरं झालं. राष्ट्रीय स्पर्धांतले मार्क तर सगळीकडेच सैल असतात, म्हणून आयएसयू ते रेकॉर्डमध्ये धरतच नाही.

आणि एवढे सगळे बदल होऊनही जज अजूनही देशोदेशीच्या फेडरेशनकडूनच येतात. ज्यांनी पाठवलं त्यांनीच पुढच्या वर्षी परत पाठवायचं, मग निर्भय राहायला किती लोकांना जमेल. पगारी, फेडरेशनशी काही देणंघेणं नसलेले जज हवेत ही मागणी सॉल्ट लेकपासून होतेय आणि माझ्या मते खरा उपाय तोच आहे.

आपल्याकडे हे दूरचं वाटेल, निफाडचा पारा कितीही उतरला तरी नाशिकची पोरं चाकांवरच स्केटिंग करणार. पण आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्येही आता रोलआर्ट नावाची अशाच धर्तीची पद्धत आलीये, एलिमेंटचे मार्क वेगळे आणि कम्पोनंट्सचे वेगळे, तेव्हा ज्यांची मुलं त्यात पुढं जातायत त्यांनी स्पर्धेनंतर मार्कांचा पूर्ण तक्ता मागून घ्यावा आणि टोटलच्या आधी प्रत्येक जजचा कॉलम वाचावा. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे असे तक्ते आयएसयूच्या साइटवर जजच्या नावासकट मिळतात, सवय करायची असेल तर सोचीचा आणि प्योंगचांगचा तक्ता शेजारी ठेवून बघा, एकात कुठला कॉलम कुठल्या जजचा ते कळत नाही, दुसऱ्यात कळतं.