नासाचा लघुउद्योग संशोधन कार्यक्रम

अवकाश आणि विमानविद्येतील नव्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या लहान खासगी कंपन्यांना अमेरिकेची नासा ही संस्था ज्या योजनेतून संशोधनाची कंत्राटे देते, ती योजना. ‘स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च’ या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एसबीआयआर म्हणतात. विद्यापीठ किंवा ना-नफा संशोधन संस्था भागीदार म्हणून घेणे जिच्यात सक्तीचे आहे, ती तिची जोडयोजना म्हणजे एसटीटीआर. दोन्हींत मिळणारा पैसा कर्ज नसतो आणि त्या बदल्यात सरकार कंपनीत हिस्साही मागत नाही. नासा एका तांत्रिक प्रश्नाच्या उत्तराचे पैसे मोजते. उत्तर ‘हे जमणार नाही’ असे निघाले, तरी प्रामाणिकपणे केलेल्या कामाचे पैसे परत द्यावे लागत नाहीत.

कल्पना मूळची नासाची नव्हे. नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेत रोलंड टिबेट्स यांनी १९७७ मध्ये ती प्रयोग म्हणून सुरू केली. सरकारचा संशोधनावरचा पैसा तेव्हा मुख्यतः मोठ्या कंपन्या, विद्यापीठे आणि सरकारी प्रयोगशाळा यांच्यातच फिरत असे. लहान कंपनीला आधी थोडे पैसे द्यावेत, कल्पनेत दम दिसला तरच पुढची मोठी रक्कम द्यावी, असा टिबेट्स यांचा साधा हिशोब होता. २२ जुलै १९८२ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने तो साऱ्या मोठ्या केंद्रीय खात्यांना लागू झाला. या कायद्याने नवा निधी उभारला नाही. बाहेरच्यांकडून करून घ्यायच्या संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या प्रत्येक खात्याने त्यातला ठरावीक वाटा लहान कंपन्यांसाठी बाजूला काढावा, एवढेच त्याने बंधन घातले. ०.२ टक्क्यापासून सुरू झालेला हा वाटा २०१७ पासून ३.२ टक्के आहे. एसटीटीआर १९९२ च्या कायद्याने आली. तिचा वाटा ०.४५ टक्के असून ती फक्त १ अब्ज डॉलरपेक्षा मोठे संशोधन-अंदाजपत्रक असलेल्या खात्यांना लागू होते.

अर्जदार कंपनी नफ्यासाठी चालणारी, अमेरिकेत काम करणारी आणि निम्म्याहून अधिक मालकी अमेरिकी नागरिकांकडे किंवा कायम रहिवाशांकडे असलेली हवी. कर्मचारी ५०० पेक्षा जास्त नकोत. ही वरची मर्यादा आपल्याकडच्या लघुउद्योगाच्या कल्पनेपेक्षा बरीच मोठी वाटते; प्रत्यक्षात कंत्राट मिळवणाऱ्या अनेक कंपन्यांत मोजकीच माणसे असतात.

कामाची सुरुवात नासाच्या गरजेतून होते. नासाच्या वेगवेगळ्या केंद्रांतले अभियंते आपापल्या अडचणी विषयवार मांडतात: चंद्रावरची बोचरी धूळ यंत्रात शिरू नये म्हणून काय करावे, विमानाच्या पंखावर साचणारे बर्फ वेळीच कसे ओळखावे. कंपन्या त्यावर प्रस्ताव पाठवतात. पहिल्या टप्प्यात कल्पना शक्य आहे का, एवढेच तपासायचे असते. त्यासाठी एसबीआयआरमध्ये साधारण सहा महिने आणि अलीकडच्या वर्षांत दीड लाख डॉलरपर्यंत रक्कम मिळते. त्यातून तावून सुलाखून निघालेल्या कल्पनेला दुसऱ्या टप्प्यात दोन वर्षे आणि साडेआठ लाख डॉलरपर्यंत रक्कम मिळते. तिथे चालता नमुना तयार करून दाखवावा लागतो. तिसऱ्या टप्प्यात मात्र या योजनेचा पैसा नसतो. कंपनीने गुंतवणूकदार शोधायचा, ग्राहक शोधायचा किंवा सरकारच्या दुसऱ्या एखाद्या प्रकल्पाकडून काम मिळवायचे. शेवटच्या बाबतीत एक मोलाची सवलत आहे: आधीच्या टप्प्यांतून पुढे आलेले काम सरकारी खाते पुन्हा निविदा न मागवता थेट त्या कंपनीला देऊ शकते.

अवकाशाच्या क्षेत्रात अशा पैशाची गरज इतर उद्योगांहून जास्त का भासते, हे समजून घ्यायला हवे. इथे गिऱ्हाईक थोडे आणि वस्तू एखाददुसरी लागते, त्यामुळे खासगी गुंतवणूकदाराला धीर होत नाही. शिवाय यानाचा अभियंता आधी अवकाशात जाऊन टिकलेलाच भाग निवडतो, आणि कोणी निवडल्याशिवाय तो भाग अवकाशात जात नाही. ही कोंडी लहान कंपनीला स्वतःच्या पैशाने फोडता येत नाही.

हबल दुर्बिणीवरील निकमॉस या अवरक्त उपकरणाची गोष्ट या संदर्भात आवर्जून सांगण्यासारखी आहे. १९९७ मध्ये बसवलेले हे उपकरण, स्वतःचीच उष्णता निरीक्षणाच्या आड येऊ नये म्हणून, गोठवलेल्या नायट्रोजनने थंड ठेवले जाई. पण आतला एक भाग नको तिथे टेकल्याने उष्णता शिरू लागली आणि काही वर्षे पुरायचा नायट्रोजन जानेवारी १९९९ मध्येच संपला. उपकरण धडधाकट असूनही आंधळे झाले. न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर या छोट्या गावातली क्रिएर ही कंपनी वायूच्या पातळ थरावर तरंगत फिरणाऱ्या अतिसूक्ष्म टर्बाइनवर अनेक वर्षे काम करत आली होती, आणि त्या कामाला एसबीआयआरचे पाठबळ होते. तिच्या शीतयंत्रातली टर्बाइन मिनिटाला चार लाखांपर्यंत फेरे घेते, तरी कशाला घासत नाही. म्हणून दुर्बिणीला कंपही जाणवत नाही. डोळा रोखून तासन्‌तास एकाच ठिपक्याकडे पाहणाऱ्या दुर्बिणीसाठी हेच सर्वांत महत्त्वाचे होते. १९९८ मध्ये शटलमधून या यंत्रणेची अवकाशात चाचणी झाली आणि मार्च २००२ मध्ये अंतराळवीरांनी ती हबलवर बसवली. प्रकाश टिपणारे डिटेक्टर पुन्हा थंड होऊन उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास आले आणि निकमॉस आणखी काही वर्षे पाहू लागले.

कॅलिफोर्नियातील गोलेटा येथील डिप्लॉयेबल स्पेस सिस्टिम्स या कंपनीचे गुंडाळी सौरपंख हे दुसरे उदाहरण. घड्या घालून बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या जड पॅनेलऐवजी तिने चटईसारखे गुंडाळता येणारे पंख केले. दोन्ही कडांच्या लवचीक नळ्यांत साठलेल्या ताणानेच ते उलगडतात. नासा आणि अमेरिकी हवाई दल या दोघांनी या कामाला पैसा पुरवला. जून २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पंख नीट उलगडला, पण परत गुंडाळून पक्का करता आला नाही आणि शेवटी तो अवकाशात सोडून द्यावा लागला. चाचणीतला हा दोष पुढच्या वापराच्या आड आला नाही. २०२१ पासून हेच पंख स्थानकाच्या जुन्या पंखांसमोर बसवले गेले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये डिमॉर्फस या लघुग्रहावर आदळलेल्या डार्ट यानालाही त्यांनीच वीज दिली.

जमिनीजवळच्या उड्डाणालाही या योजनेचा उपयोग झाला आहे. हँग ग्लायडरच्या अपघातातून वाचलेले बोरिस पोपोव्ह यांनी १९८० मध्ये मिनेसोटात बॅलिस्टिक रिकव्हरी सिस्टिम्स स्थापन केली. संपूर्ण विमानच सावकाश खाली उतरवणारे पॅराशूट हे तिचे उत्पादन. ते हलके करण्याच्या संशोधनाला नासाच्या लँगली केंद्राने एसबीआयआरमधून मदत केली. १९९८ मध्ये प्रमाणपत्र मिळालेल्या सिरस एसआर-२० या छोट्या विमानात ते मुळातच बसवलेले होते.

संशोधनातून निघालेल्या पेटंटची मालकी कंपनीकडेच राहते. सरकारला स्वतःच्या कामासाठी ते विनामूल्य वापरता येते. तांत्रिक माहिती सरकारने प्रतिस्पर्ध्यांना उघड करू नये, हे संरक्षण २०१९ च्या नियमांनुसार कंत्राट मिळाल्यापासून २० वर्षे असते. पैशाच्या रकमेपेक्षा ही तरतूद लहान कंपनीच्या जास्त कामाची आहे, असे म्हणायला हरकत नाही. मोठ्या ठेकेदाराशी बोलताना तिच्या हातात राहते ते एवढेच.

योजनेचे दुखणे दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांच्या मधे आहे. नमुना तयार असतो, पण त्याची अवकाशपात्रता सिद्ध करायला लागणारा खर्च दुसऱ्या टप्प्याच्या रकमेत बसत नाही, आणि मोहिमेचे वेळापत्रक तर कंपनीसाठी थांबत नाही. चांगली कामे इथेच अडकतात. याउलट काही कंपन्या बाजारात काहीही न आणता वर्षानुवर्षे एकामागून एक कंत्राटांवर चालतात, अशी टीका होत आली. योजनेची मुदत वाढवणाऱ्या २०११ च्या कायद्यानंतर वारंवार कंत्राट घेणाऱ्यांसाठी प्रगतीचे किमान निकष घालण्यात आले. कायद्याला कायमस्वरूपी मुदत नसल्याने अनिश्चितताही सोबतीला असते: २०२२ मध्ये मिळालेली मुदतवाढ ३० सप्टेंबर २०२५ रोजी नवी मंजुरी न मिळताच संपली.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये याच धर्तीवर आणि जवळपास याच नावाने एसबीआयआरआय ही योजना सुरू केली. संरक्षण आणि हवाई क्षेत्रासाठी एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या आयडेक्स या सरकारी योजनेतून नवउद्योगाला सुरुवातीला दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान ठरले, पण तितकाच वाटा त्याने स्वतः उभा करायचा असतो. नासाच्या पहिल्या दोन टप्प्यांत अशी अट नाही.