उद्योजकीय प्रेरणा आणि लघुउद्योगांची कामगिरी

उद्योजकीय प्रेरणा : स्वतःचा धंदा उभारण्याची इच्छा आणि त्या दिशेने केलेला निश्चय. मानसशास्त्र, अर्थशास्त्र व व्यवस्थापनशास्त्र या तिन्ही शाखांत तिचा अभ्यास होतो. माणूस धंद्यात का उतरतो आणि उतरल्यावर त्याचा धंदा का चालतो किंवा का बसतो, हे दोन प्रश्न नेहमी जोडीने विचारले जातात. उत्तरे मात्र वेगळी आहेत. हा फरक न ओळखल्यामुळे पुष्कळ प्रशिक्षणे आणि कर्जयोजना धंदा सुरू करून देण्यापाशीच थांबतात.

पहिल्या प्रश्नाची दोन उत्तरे विशेष मान्यता पावली आहेत. आल्बर्ट शापिरो यांनी १९८२ मध्ये असे मांडले, की बहुतेक लोक रुळलेल्या वाटेवरून आपणहून उतरत नाहीत. काहीतरी धक्का बसावा लागतो. नोकरी जाते, बढती नाकारली जाते, गाव सोडावे लागते. त्या क्षणी धंदा हवासा वाटला आणि जमण्यासारखा वाटला, तर पाऊल पडते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे याचे मराठी वाचकाच्या ओळखीचे उदाहरण. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत असताना त्यांना डावलून बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले. पुढे तेथील जागाही सोडावी लागली. औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळचे माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे त्यांचे सुरुवातीचे नांगर कोणी घेईना. त्या काळात टिकून राहायला धक्क्याखेरीज आणखी काही लागले असणार, हे उघड आहे.

दुसरे उत्तर मानसशास्त्रज्ञ आइसेक आझेन यांचे (१९९१). त्यांच्या मते निश्चय तीन गोष्टींवर ठरतो : त्या कामाविषयी स्वतःचा कल, जवळच्या माणसांचे मत आणि ‘हे मला जमेल’ हा भरवसा. यांतील दुसरी गोष्ट आपल्याकडे फार जड आहे. लग्न जुळवताना ‘मुलगा कायम नोकरीत आहे का’ हा प्रश्न आजही पहिल्या दोन-तीन प्रश्नांत असतो, आणि तो ऐकत वाढलेल्या मुलाचा कल तेथेच ठरू लागतो. धंदा करणाऱ्या घरातील मुलांना तिसरी गोष्ट लहानपणीच मिळते. गल्ल्यावर बसणे, उधारी मागायला जाणे, नुकसान सोसूनही दुसऱ्या दिवशी दुकान उघडणे, हे त्यांनी पाहिलेले असते.

प्रेरणा बाहेरून जागवता येते का, याचा सर्वांत गाजलेला प्रयोग भारतात झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी ‘सिद्धीप्रेरणा’, म्हणजे काम अधिक चांगले करून दाखवण्याची ओढ, ही उद्योजकाची खूण मानली. ती मोजण्यासाठी ते माणसाला एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला सांगत आणि गोष्टीतील पात्रे काय साधू पाहतात ते तपासत. खुंटीवर कड्या फेकण्याचा खेळही ते वापरत. कुठे उभे राहायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे. सिद्धीप्रेरणा प्रबळ असलेले लोक खुंटीला चिकटून उभे राहत नसत, फार दूरही जात नसत. नेम लागण्याची शक्यता आहे पण खात्री नाही, असे अंतर निवडत. उद्योजक म्हणजे जुगारी, ही समजूत या साध्या खेळाने मोडीत काढली.

१९६४ मध्ये त्यांनी आंध्रातील काकीनाडा येथील व्यापारी-कारखानदारांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत सुमारे दहा दिवस ही प्रेरणा जागवण्याचे शिक्षण दिले. पुढच्या काळात त्यांची तुलना प्रशिक्षण न घेतलेल्यांशी केली, तेव्हा प्रशिक्षितांनी अधिक नवे उद्योग काढले, अधिक भांडवल गुंतवले आणि अधिक माणसे कामाला लावली असे आढळले. जातीमुळे किंवा पारंपरिक श्रद्धांमुळे त्यांचे पाऊल अडले नव्हते. भारतातील उद्योजकता विकास कार्यक्रमांचे मूळ येथे आहे. अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था (१९८३) आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र (१९८८) ही त्याच विचाराची पुढची पावले. मॅक्लेलंड यांनी याच प्रेरणेवरून अख्ख्या देशांची आर्थिक प्रगती समजावण्याचा प्रयत्न केला. तो मात्र पुढील तपासणीत टिकला नाही.

सुरू झालेला धंदा चालण्याची कारणे बरीच रोजच्या कामातली असतात. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव येथील कापड गिरण्यांत केलेला अभ्यास (२०१३) त्यासाठी मुळातून समजून घ्यावा असा आहे. या गिरण्या लघुउद्योगापेक्षा मोठ्या, पण मालकी घरातली. गोदामात सूत नोंदीविना पडलेले, हत्यारे इतस्ततः, कापडातील दोष कोणत्या मागावर येतात याचा हिशेब नाही. काही गिरण्यांना पाच महिने फुकट सल्ला मिळाला. साठ्याची नोंद, यंत्रांची वेळेवर देखभाल, दोषांची रोजची तपासणी सुरू झाली. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हे आधी का केले नाही, तर अनेक मालकांना त्याची माहिती नव्हती किंवा त्यात फायदा आहे असे वाटत नव्हते. आणखी एक गोष्ट दिसली : घरात कर्ते पुरुष जितके, तितक्याच गिरण्या. परक्या माणसावर चावी सोपवायची तयारी नसल्याने चांगला धंदाही तेथेच अडत होता.

मग हिशेब शिकवला की पुरे का? पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशातील १,५०० छोट्या व्यावसायिकांवरील प्रयोगाचे (२०१७) उत्तर वेगळे आहे. हिशेब, विपणन असे नेहमीचे प्रशिक्षण घेतलेल्यांच्या नफ्यात ठाम म्हणावी अशी वाढ दिसली नाही. स्वतः पुढाकार घेणे, अडचण येण्याआधी तयारी करणे, नवे गिऱ्हाईक शोधणे याचे शिक्षण घेतलेल्यांचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. काकीनाडातील धागा अर्ध्या शतकानंतर पुन्हा हाती लागला, असे म्हणायला हरकत नाही.

भांडवलाचा परिणाम स्त्री आणि पुरुषांच्या धंद्यांत सारखा दिसत नाही. श्रीलंकेत छोट्या व्यावसायिकांना अनुदान दिले असता पुरुषांचा नफा वाढला, स्त्रियांचा सरासरीने नाही. पुढे भारत, घाना व श्रीलंका येथील माहिती एकत्र तपासल्यावर कारण कळले : स्त्रीच्या नावाचा पैसा बहुधा त्याच घरातील पुरुषाच्या धंद्यात जात होता. घरात तिचाच एकटीचा धंदा असेल, तेथे तिचा लाभ पुरुषांइतकाच होता. बचत गटांच्या कर्जाचा हिशेब मांडताना हे ध्यानात घेतलेच पाहिजे. नाहीतर बायकांना धंदा जमत नाही असा सरसकट अन्याय्य निष्कर्ष निघतो.

भारतातील लघुउद्योजकाला सर्वांत जास्त छळते ती थकलेली वसुली. माल पोचतो, बिल मंजूर होते, पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. तोवर कामगारांचा पगार आणि कच्चा माल उसनवारीवर चालतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्यम विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला फार तर ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज देय होते. २०२३-२४ पासून, वेळेत न दिलेल्या अशा बिलाची वजावट खरेदीदाराला प्राप्तिकरात पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते. तक्रारीची सोय कायद्यात आहे. पण ज्याच्या एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर शेड चालते, तो वर्कशॉपवाला पुढची ऑर्डर जाईल या भीतीने ती करत नाही.