फिलिपीन्सची मूर्तिकला

फिलिपीन्सच्या बेटांवर राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांनी लाकूड, माती, हस्तिदंत, सोने व कासे यांत घडवलेल्या मूर्ती आणि कोरीवकाम म्हणजे फिलिपीन्सची मूर्तिकला. हा देश सात हजारांहून अधिक बेटांचा आहे आणि तिथे शंभरावर भाषा बोलल्या जातात. त्यामुळे ‘फिलिपिनो शैली’ म्हणून एकच शैली शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. उत्तरेच्या डोंगरातला इफुगाओ, सखल भागातला कॅथलिक तागालोग आणि मिंदानाओ बेटावरचा मुस्लिम मारानाओ या तिघांनी छिन्नी तीन वेगळ्या श्रद्धांपायी हातात घेतली. तरीही या सगळ्यांतून एक धागा जातो. इथली मूर्ती नुसती पाहण्यासाठी फार क्वचित घडली. कोणी धान्य राखायला बसवली, कोणी मेलेल्या माणसाला पैलतीरी न्यायला, तर कोणी मिरवणुकीत खांद्यावर घ्यायला.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते बुलुल या धान्य राखणाऱ्या लाकडी मूर्तीत. लुझोन बेटाच्या उत्तरेला कोर्दियेरा पर्वतरांगेत इफुगाओ लोक डोंगरउतारावर दगडमातीचे बांध घालून भात पिकवतात. तिथल्या पाच ठिकाणच्या भाताच्या पायऱ्या 1995 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. वर्षातून एकदाच पिकणारे ‘तिनावोन’ भात कोठारात येते आणि त्या कोठारात बुलुल बसलेला असतो. कोकणातल्या वाचकाला ‘राखणदार’ एवढे म्हटले तरी तो कोण हे कळेल. मात्र हा राखणदार शिवारावर फिरत नाही. तो कणगीजवळ बसतो, उंदीर, चोर आणि दुष्काळ यांना अडवतो आणि भात पुरवठ्याला येईल असे पाहतो. पूर्वजाचा आत्मा त्याच्यात वस्तीला येतो, अशी श्रद्धा आहे.

बुलुल बहुधा जोडीने करतात, नर आणि मादी. बैठा असेल तर गुडघे छातीशी घेतलेले, हातांची घडी गुडघ्यांवर, मान सरळ, चेहरा सपाट, डोळे म्हणजे दोन खाचा किंवा बसवलेल्या कवड्या. बोटे आणि कान जेमतेम सुचवलेले. पाहणाऱ्याला प्रथम तो ओबडधोबड वाटेल, पण ज्या कोणी ते गुडघे आणि ती घडी एका अखंड ओंडक्यातून काढली त्याला नेमके काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे पक्के ठाऊक होते. लाकूड बहुधा नारा या झाडाचे. हे झाड आपल्या बिबळ्याच्या कुळातले, त्याच्यासारखेच खाच पडली की लालभडक चीक गाळणारे. हुमिधिड या देवाने बोलणाऱ्या झाडाच्या खोडातून पहिले बुलुल कोरले, अशी इफुगाओंची कथा आहे.

पण कोरून झाला म्हणजे बुलुल झाला असे नाही. झाड निवडण्यापासून मूर्ती घरी येईपर्यंत टप्प्याटप्प्याने विधी होतात. ‘मुंबाकी’ म्हणजे पुरोहित पूर्वजांची आणि देवांची नावे घेत मंत्र म्हणतो, डुक्कर किंवा कोंबडी कापली जाते, त्या रक्ताने मूर्तीला न्हाऊ घालतात आणि भाताची दारू अर्पण करतात. मराठीत याला प्राणप्रतिष्ठा हा शब्द चपखल बसतो. पुढे दर सुगीला पुन्हा रक्त, दारू आणि भाताचा नैवेद्य. पिढ्यान्‌पिढ्या असे चालल्यावर त्या लाकडावर काळपट, चिकट, चकाकणारी साय धरते. जुन्या बुलुलचे खरे सौंदर्य या थरात आहे आणि ते कोरणाऱ्याइतकेच ते राखणाऱ्या घराचे श्रेय आहे.

या परंपरेची मुळे किती खोल जातात, हे पालावान बेटावरच्या ताबोन गुहांमध्ये 1964 साली सापडलेल्या मानुंगुल कुंभावरून कळते. मृतांच्या अस्थी पुन्हा एकत्र करून ठेवण्यासाठी केलेले हे मातीचे भांडे इ. स. पू. 890 ते 710 या काळातले मानले जाते. त्याच्या झाकणावर एक होडी आहे आणि होडीत दोघे जण. पुढच्याने हात छातीवर घेतलेले आहेत, मागचा होडी हाकतो आहे. त्याच्या हातातले वल्हे आज उरलेले नाही, तरी हातांची ठेवण पाहून वल्हे दिसल्यावाचून राहत नाही. मेलेला माणूस पाण्यावरून पलीकडे जातो ही बेटांवरच्या माणसाची कल्पना इतक्या कमी मातीत याहून नेमकी मांडलेली मला ठाऊक नाही. 1991 च्या एक हजार पेसोच्या नोटेवर हा कुंभ आणि भाताच्या पायऱ्या शेजारी शेजारी छापल्या होत्या. दक्षिणेत सारांगानी प्रांतातल्या मायतुम इथे 1991 साली मिळालेल्या अस्थिकुंभांची झाकणे तर माणसांच्या डोक्यांचीच आहेत.

भारताशी असलेला जुना संबंध एका सोन्याच्या मूर्तीत उरला आहे. 1917 साली मिंदानाओतल्या अगुसान भागात पुरानंतर नदीकाठी मानोबो जमातीतल्या एका बाईला ती सापडली. 21 कॅरट सोने, वजन सुमारे 1.8 किलो, मांडी घालून बसलेली अलंकृत देवी. कोणी तिला बौद्ध देवी तारा म्हणतात, कोणी वज्रलास्या. ती आज शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहे आणि ती परत यावी अशी मागणी फिलिपीन्समध्ये वेळोवेळी होते. ती मागणी मला रास्त वाटते.

सोळाव्या शतकात स्पॅनिश आले आणि मिशनऱ्यांनी पूर्वजांच्या मूर्ती, म्हणजे ‘अनितो’, हजारोंनी जाळल्या. त्यांच्या जागी ‘सांतो’ म्हणजे संतांच्या मूर्ती आल्या. पहिली नामांकित मूर्ती बाळ येशूची, सांतो निन्यो. स्पेनसाठी निघालेला दर्यावर्दी मॅगेलन याने ती 1521 मध्ये सेबू बेटावरच्या राणीला भेट दिली आणि 1565 मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पी याच्या माणसांना ती एका जळलेल्या वस्तीत सापडली. मधल्या काळात लोकांनी तिला आपल्याच रीतीने पुजले आणि पाऊस मागायला समुद्रात बुडवले, असे सेबूची परंपरा सांगते. धर्म बदलला, पण मूर्तीशी वागण्याची रीत फारशी बदलली नाही. आजही तिला वस्त्रे नेसवतात आणि जानेवारीत सिनुलोगच्या उत्सवात तिच्यापुढे नाचतात.

सांतो घडवणारे हात मात्र बरेचसे चिनी होते. मनिलाच्या परिआन वस्तीतले चिनी कारागीर हस्तिदंतात इतके तरबेज होते की बिशप सालाझार यांनी 1590 च्या पत्रात त्यांच्या बाळ येशूच्या मूर्तींची तोंड भरून स्तुती केली. फिलिपीन्समध्ये हत्ती नाहीत, दात बाहेरून येत. दाताची वक्रता मूर्तीच्या कमरेत उतरे. मेरीचे डोळे किंचित तिरके आणि गळ्यावर बुद्धमूर्तीसारख्या वळ्या दिसतात. मोठ्या मूर्तीत चेहरा आणि हात तेवढे हस्तिदंताचे, बाकी लाकूड आणि त्यावर जरीची वस्त्रे. या मूर्ती गॅलिअन म्हणजे मोठ्या स्पॅनिश शिडांच्या जहाजांतून मेक्सिकोतल्या आकापुल्को बंदराला जात. 1601 मध्ये मारियाना बेटांपाशी बुडालेल्या ‘सांता मार्गारिता’ जहाजाच्या अवशेषांतूनही अशी शिल्पे वर काढली गेली.

हीच कहाणी गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली घडली, हे इथे सांगायलाच हवे. तिथेही हस्तिदंत, तिथेही बाळ येशू, आणि घडवणारे बहुतेक स्थानिक हिंदू कारागीर. त्यांच्याकडून ख्रिस्ती मूर्ती करून घेऊ नयेत असे 1567 च्या गोव्यातल्या धर्मसभेने ठरवले, यावरूनच ते काम किती चालत होते ते कळते. गोव्याचा ‘चांगला मेंढपाळ’, म्हणजे मेंढपाळाच्या रूपातला बाळ येशू, डोंगराच्या पायऱ्यांवर डोळे मिटून, गाल हातावर टेकवून बसतो. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात असे काम पाहून मग मनिलाच्या मेरीकडे वळले, की दोन्हीकडे आशियाई हाताने युरोपीय देव आपलासा केलेला दिसतो.

लाकडी सांतोंचे आजचे माहेर म्हणजे लागुना प्रांतातले पाएते. गावाचे नावच ‘पाएत’ म्हणजे छिन्नी यावरून पडले. तिथल्या मारियानो माद्रिन्यान यांच्या शोकमग्न मेरीला 1883 च्या ॲमस्टरडॅम प्रदर्शनात गौरव मिळाला. बातिकुलिंग हे मऊ, कीड न लागणारे लाकूड तिथे पसंत करतात.

दक्षिणेतल्या मुस्लिम समाजांनी प्राणिमात्रांची हुबेहूब मूर्ती टाळली आणि सगळी कला वेलबुट्टीत ओतली. मारानाओंचे ‘ओकिर’ म्हणजे नेच्याची कोवळी पाने आणि नागाची वळणे. सरदारांच्या ‘तोरोगान’ घरांच्या तुळयांची टोके नावेच्या नाळेसारखी पुढे झेपावतात आणि त्यांवर हे ओकिर कोरलेले असते. सामा लोकांच्या थडग्यांवर ‘सुंदुक’ नावाची कोरीव चिन्हे असतात: पुरुषाला उभा खांब, स्त्रीला सपाट फळी.

विसाव्या शतकात शिल्पकार गियेर्मो तोलेन्तिनो यांनी मनिलाजवळच्या कालोओकानमध्ये स्पेनविरुद्ध लढलेल्या क्रांतिकारक बोनिफासियोचे स्मारक उभारले. ते 1933 मध्ये खुले झाले. क्रांतिकारकाचा चेहरा बेतण्यासाठी त्यांनी त्याच्या बहिणीच्या चेहऱ्याची ठेवण अभ्यासली होती. त्यांच्यानंतर नापोलेओन आबुएवा (1930–2018) यांनी लाकूड, दगड आणि काँक्रीट यांत आधुनिक शिल्प रुजवले.

बुलुल मात्र अडचणीत आहे. बहुतेक इफुगाओ आता ख्रिस्ती आहेत, मुंबाकी थोडे उरले आहेत, आणि संग्राहकांच्या मागणीमुळे कोठारांतून बुलुल चोरीला गेले. विकताना जोड्याही फुटल्या. उत्तर लुझोनमधल्या बागियो शहराजवळच्या आसिन रस्त्यावर इफुगाओ कारागीर पर्यटकांसाठी नवे बुलुल कोरतात. काम सफाईदार असते, आणि जुन्याचा रंग यावा म्हणून त्यातले काही धुरावर काळवंडवून विकले जातात.