खारी व पॅटीस, घरगुती (विदर्भ)

मैद्याच्या भिजवलेल्या पिठाचे आणि तुपालोण्यासारख्या स्निग्ध पदार्थाचे एकाआड एक पातळ थर देऊन भाजलेले खारे पदार्थ. नुसते भाजले तर खारी, भाजी भरून घडी घातली तर पॅटीस. बेकिंग पावडर किंवा यीस्ट यांत लागत नाही. पिठातील पाण्याची वाफ थर उचलते व मधली चरबी ते पुन्हा चिकटू देत नाही.

या पदरी पिठाच्या उगमाविषयी एकमत नाही. क्लोद लॉरँ (सु. १६००–८२) या चित्रकाराने बेकरीत उमेदवारी करीत असताना आजारी वडिलांसाठी लोणी घालून पाव केला व त्यातून हा शोध लागला, ही कथा पाकविषयक लेखनात वारंवार येते. तिला जोडले जाणारे १६४५ हे साल मात्र तिच्या विरोधात जाते : तोवर लॉरँ रोममध्ये नामवंत चित्रकार होता. शिवाय सालामांका येथील १६०७ च्या व राजाचा स्वयंपाकी मार्तीनेस मोतीन्यो याच्या १६११ च्या स्पॅनिश पाकग्रंथांत असे पीठ आधीच आढळते. त्यामुळे स्पेनमधील, बहुधा मूर लोकांच्या (उत्तर आफ्रिकेतून तेथे आलेल्या मुसलमानांच्या), पाकपरंपरेतून ते आले असावे हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या स्पॅनिश पद्धतीत पातळ लाटलेल्या पिठावर चरबी फासून त्याची गुंडाळी करीत. मराठी घरांतील चिरोट्यांची रीतही हीच आहे. दोहोंत थेट संबंध जोडण्याचे कारण नाही; पण खारीला केवळ परकी मानणेही बरोबर नाही.

विदर्भात बेकरीची भट्टी कामठीच्या छावणीसारख्या (स्थापना १८२१) लष्करी ठाण्यांतून व पुढे रेल्वेच्या गावांतून पसरली असावी.

घरी करताना मुख्य अडचण उष्म्याची. लोणी ३२–३५° से. ला वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे वैशाखात पारा ४५° से. च्या आसपास जातो. लोण्याची वडी पिठात गुंडाळून, तिहेरी घडी घालून सहा वेळा लाटली की हिशेबाने ७२९ थर होतात. पण लोणी पातळ झाले की ते पिठात जिरते आणि थर उरतच नाहीत. म्हणून हे काम पौष-माघात भल्या पहाटे, दोन घड्यांच्या मध्ये पीठ ओल्या फडक्याखाली गार जागी ठेवून करावे. एरवी साट्याची रीत अधिक भरवशाची. घट्ट तूप किंवा वनस्पती तूप तांदळाच्या पिठीबरोबर हलके होईपर्यंत फेसून साटा करतात. मीठ-ओवा घालून भिजवलेल्या मैद्याच्या तीन पातळ पोळ्या साटा लावून एकावर एक ठेवतात, घट्ट गुंडाळी करून कापतात व हलक्या हाताने लाटतात. पिठीमुळे साटा चटकन वाहत नाही. थर कमी सुटतात, पण पदार्थ खुसखुशीत होतो.

पॅटीसात आलूची भाजी व भरपूर सांबार (कोथिंबीर) घालतात. हिवाळ्यात तुरीचे ओले सोलेही (कोवळे दाणे) चांगले लागतात. भाजी कोरडी व पूर्ण गार हवी. गरम भाजीने साटा वितळतो, ओलसर भाजीने तळ कच्चा राहतो. कडा धारदार सुरीने कापाव्यात. बोथट सुरीने थर दाबले जाऊन चिकटतात. वरून दूध लावताना ते कापलेल्या कडेवर ओघळू देऊ नये.

भट्टीऐवजी जाड बुडाचे पातेले वापरतात. तळाशी वाळू किंवा जाडे मीठ, त्यावर तिवई व ताटली. पातेले आधी चांगले तापवून घेतात. सुरुवातीची आच तेज नसेल तर वाफ धरण्याआधी चरबी गळते. वरून उष्णता नसल्याने पदार्थ फिका राहतो. चुलीच्या घरी झाकणावर निखारे ठेवून ही उणीव भरून काढता येते.

खारी गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. पावसाळ्यात ती सादळते; मंद आचेवर कोरड्या कढईत परतली की पुन्हा कुरकुरीत होते. पॅटीस त्याच दिवशी खावेत.